परळ ते फणसवाडी, व्हाया मिरची गल्ली

आमच्या सोसायटीतले लोक सुट्टीत परदेशी जातात आणि परत आले की लिफ्टमध्ये गाठून फोटो दाखवतात. यंदा माझ्याकडेही सांगण्यासारखा प्रवास आहे. मी परळहून गिरगावात फणसवाडीला जाऊन आले, बसने. हसायचं असेल तर हसा, पण तुमच्यापैकी कितीजण हल्ली ह्या बसमध्ये चढलेत ते आधी सांगा. मी स्वतः कित्येक वर्षांत चढले नव्हते, आणि बस तर चेंबूरला माझ्या बिल्डिंगसमोरूनच सुटते.

बसचा नंबर सांगत नाही. तो मध्ये बदलला, आणि जुना सांगितला की नवे लोक भांडतात, नवा सांगितला की जुने. चेंबूरहून निघते, शीव, दादर, परळ, लालबाग, भायखळा करत गिरगावात शिरते आणि शेवटी कफ परेडला मच्छीमार नगरापाशी जाऊन थांबते. एवढी ओळख पुरे.

जायचं कारण सुमनआत्या. मी लहान असतानाच माझी आई गेली. मला वाढवलं ते ह्या आत्याने, परळच्या चाळीतल्या एका खोलीत. तिने लग्न केलं नाही. गिरगावातल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होती आणि नोकरीभर ह्याच बसने गेली-आली. आता ऐंशीला टेकलीये आणि अजून त्याच खोलीत एकटी राहते. थंडीत ती मोरीत घसरली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि मी ठरवूनच टाकलं की खोलीला कुलूप लावायचं आणि आत्याने माझ्याकडे चेंबूरला यायचं. मुलगा बंगलोरला गेल्यापासून त्याची खोली रिकामीच आहे. मी तिथे नवे पडदेही लावले.

आत्याने महिना जाऊ दिला. मग एक दिवस म्हणाली, "मीना, असं करू. मी बसने फणसवाडीला मालतीकडे जाऊन आले, तर हा विषय बंद. परत काढायचा नाही. नाही जमलं, तर पेटी भरते."

मालतीबाई म्हणजे तिची शाळेतली मैत्रीण. दोघी रिटायर झाल्यावरही महिन्यातून एकदा आत्या तिच्याकडे जायचीच, ते ऑपरेशनपासून बंद पडलं होतं. मी म्हटलं, चालेल, पण मी सोबत येणार. हात लावणार नाही, टेकू देणार नाही, फक्त येणार. आत्याने मान डोलावली. खरं सांगायचं तर मी निर्धास्त होते. त्या बसची पायरी मला चांगली आठवत होती. धडधाकट माणसाला साडी वर धरून चढायला लागायचं. पायरी बघूनच ही परत फिरेल आणि आम्ही पेटी भरून टॅक्सीने चेंबूरला जाऊ, असा माझा हिशोब होता.

परळ

शनिवारी सकाळी मी टॅक्सीने आत्याकडे पोचले. जयंती होऊन चार दिवस झाले होते, चाळीच्या गॅलरीत निळ्या पताका अजून होत्या. आत्या तयार होऊन खुर्चीत बसलेली. कॉटनची इस्त्रीची साडी, काठी, खांद्याला पिशवी.

"टॅक्सीने आलीस? घरासमोरून बस सुटते ना?"

"सकाळी सकाळी बस कोण शोधत बसणार?"

"शोधायची कशाला? ती काय लपून बसते?"

मी तिचा मोबाईल घेऊन माझ्या पर्समध्ये टाकला. चढताना पडेल म्हणून. ही अक्कल मीच चालवली, हे लक्षात असू द्या.

स्टॉपवर हॉस्पिटलची गर्दी होती. एक्स-रेची पाकिटं काखेत धरलेले गावाकडचे नातेवाईक आणि गळ्यात कार्डं घातलेली ऑफिसातली पोरं एकाच बाकावर. स्टॉपला नाव एका गिरणीचं आहे. गिरणी केव्हाच गेली, तिथे काचेचा टॉवर आहे. पण कंडक्टर अजून गिरणीचंच नाव पुकारतात आणि टॉवरमधली पोरं त्याच नावाला उतरतात. गिरणी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असेल-नसेल.

बस आली. दार उघडलं, आणि बघते तर पायरीच नाही. नवी एसी गाडी, फुटपाथला जवळजवळ टेकलेली. आत्याने काठी आत ठेवली, मग पाय ठेवला, मग दुसरा, आणि म्हाताऱ्यांच्या सीटवर जाऊन बसली. मी अजून फुटपाथवरच.

"चढतेस, की हात देऊ?" ती म्हणाली.

माझा सगळा बेत पहिल्याच स्टॉपला बोंबलला. मी तोंड पाडून तिच्या मागच्या सीटवर बसले.

ह्या बसचा इतिहास कुठे लिहिलेला मला माहीत नाही. आत्या सांगते तो असा. तिच्या लहानपणी हमरस्त्याला ट्राम होती आणि ही बस नुसती परळ ते गिरगाव जायची. मग गिरणगावातली माणसं एकेक करून बाहेर पडायला लागली. कुणी शीवला खोली घेतली, कुणी चुनाभट्टीला, कुणी चेंबूरला. पण त्यांचं काम, देवळं, विहार, डॉक्टर, मसाले, भांडणं सगळं इथेच. मग बस त्यांच्यामागे गेली. आधी शीवपर्यंत, मग आणखी पुढे. "माणसं पुढे आणि बस मागे," आत्या म्हणाली. "तू चेंबूरला ब्लॉक घेतलास तेव्हा मी पहिलं हेच विचारलं होतं, बस येते का."

मध्ये डबल डेकर होती. वरच्या मजल्यावर पुढची सीट शिक्षिकांची, तिथे बसून आत्या आणि तिच्या मैत्रिणी वह्या तपासायच्या. खाली मागच्या बाजूला मच्छीमार नगरहून पाट्या घेऊन येणाऱ्या कोळणी. त्यांच्या पाट्यांवरून रोज वाद आणि रोज समेट. गिरणी संपाच्या वर्षी मात्र सकाळची बस इतकी रिकामी धावायची, की कंडक्टर शेजारी येऊन गप्पा मारत बसायचे. "तेव्हा वाटलं, ही बस आता बंद करतात," आत्या म्हणाली. ती बंद झाली नाही. माणसं बदलली एवढंच.

परळहून निघाल्यावर ही बस एक विचित्र गोष्ट करते. सरळ रस्ता समोर असताना ती एका गल्लीत वळते, चाळींना वळसा घालते आणि परत त्याच रस्त्याला लागते. मी म्हटलं, हा काय वेडेपणा?

"वेडेपणा नाही," आत्या म्हणाली. "तुझी आजी गिरणीत वाइंडिंगला होती, सूत गुंडाळायच्या खात्यात. पहिल्या पाळीच्या बायका अंधारात ह्या गल्लीतून चालत यायच्या, दारुडे आडवे यायचे. बायकांनी सांगितलं, बस आत आणा. कुणी ऐकेना. मग बायका डबे घेऊन बसपुढे रस्त्यात बसल्या. रोज. शेवटी बस आत आली."

पुढच्या सीटवरचे एक आजोबा वळले. सावंत त्यांचं नाव, परळलाच राहतात, कुलाब्याला मुलीकडे निघाले होते. "बाईनू, माका सांगू नका. तां वळाण नगरसेवकान करून घेतला. तेचो सासरो त्या गल्लीत रव्हायचो."

"एका सासऱ्याला न्यायला डबल डेकर?" आत्या म्हणाली.

"सासरो जाडो होतो."

तिकिटं देणारी कंडक्टर मुलगी हसायला लागली. तिला ट्रेनिंगमध्ये कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, की सरळ रस्त्याखाली जुनी पाइपलाइन आहे, म्हणून वळायचं. आत्याने आणि सावंतांनी मिळून तिला गप्प केलं. तिघांचे तीन इतिहास. आजीला रस्त्यात बसलेली मी पाहिलेली नाही, पण मी आपलं तिच्याच बाजूने मत दिलं.

लालबाग

लालबागला बस अडकली. कुठल्यातरी पुलाचं काम, त्यामुळे सगळी वाहनं ह्याच रस्त्यावर. विजेवरची गाडी, इंजिनाचा आवाजही नाही, नुसतं थंड बसून राहायचं. खिडकीबाहेर मिरची गल्लीतली पोती. उन्हाळा म्हणजे मसाल्याचे दिवस, भट्टीवर भाजलेल्या मिरचीचा वास बंद काचेतूनही आत येत होता. ठसका लागला तरी हवाहवासा वाटणारा असा वास दुसरा नाही.

"आमच्या वेळी," आत्या म्हणाली, "एप्रिलमध्ये कंडक्टर इथे बेल मारायचेच नाहीत. बायका पटकन उतरायच्या, मिरची-धणे घ्यायच्या, परत चढायच्या. सगळ्या चढल्या का बघून मग बेल. ड्रायव्हरच्या घरचा मसालापण आमच्यातलीच कुणी घेऊन यायची."

मी ऐकलं आणि मला सुचलं. बस तर हलत नाहीये. घरातला मसाला संपत आलाय. बेडगी समोर दिसतेय. मी उठले आणि कंडक्टर मुलीला म्हटलं, जरा दार उघड गं, भाव विचारून आले. ती म्हणाली, "मॅडम, लवकर या हां." सावंत म्हणाले, "जावा, जावा, ही आज रातीपर्यंत हलना नाय."

सासरवाडीचा इतिहास खोटा सांगणाऱ्या माणसाच्या ह्या भविष्यावर मी विसंबले.

दुकानात मी मिरची हातात घेतली, देठं मोडून पाहिली, संकेश्वरी किती घालायची त्यावर दुकानदाराशी बोलले, तो तोलत असताना सहज मागे वळले. बसच्या जागी टेम्पो उभा होता. बस पार पुढे, सिग्नलच्या पलीकडे निघालेली.

मिरची तिथेच टाकून मी धावले. धावले म्हणजे काय, साठीला आलेली बाई जशी धावेल तशी. आत्याचा फोन माझ्या पर्समध्ये, माझा फोन माझ्या पर्समध्ये, आणि आत्या नव्या गुडघ्यासकट बसमध्ये एकटी. ती उठून दाराकडे आली असेल, पडली असेल, असलं सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर येऊन गेलं. मी घाबरले. आईच्या वेळी जशी घाबरले होते तशी घाबरले. टॅक्सी मिळाली तेव्हा मी नुसतं बोट दाखवलं, ती बस, तिच्यामागे.

भायखळ्याला बस गाठली. दारावर थापा मारल्या. कंडक्टर मुलीने उघडलं आणि माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"आजी? त्या तर चिंचपोकळीलाच उतरल्या ना. म्हणाल्या, भाची मागे राहिली, तिला ह्या बाजूचं काही कळत नाही, घेऊन येते."

"एकट्या?"

"ते सावंतआजोबा गेलेत बरोबर. रस्ता क्रॉस करून उलटी बस पकडणार म्हणाल्या."

परत टॅक्सी, परत लालबाग. मधला ट्रॅफिक वर्णन करत नाही, तुम्ही मुंबईचे असाल तर माहीत आहे आणि नसाल तर माहीत नसलेलंच बरं. मिरचीवाल्याने मला लांबूनच ओळखलं.

"ताई, किधर गये थे? तुमच्या आत्याबाई आत्ताच येऊन गेल्या. तुमची मिरची घेऊन गेल्या. घेऊन गेल्या म्हणजे बदलून. म्हणाल्या, ही जुनी आहे, आतल्या पोत्यातली दे."

तेवढ्यात फोन वाजला. सुभाष, म्हणजे आमचे हे, घरून बोलत होते.

"मीना, तू हरवलीस का?"

"काय?"

"आत्याचा फोन आला होता कुणाच्या तरी नंबरवरून. आपला घरचा नंबर तिला पाठ आहे ना. म्हणाली, मीना लालबागला हरवली. सापडली तर सांग, मी पुढच्या बसने फणसवाडीला जाते, मालती थालीपिठं लावून बसली असेल."

मी मिरचीवाल्याच्या स्टुलावर बसले. त्याने पाणी दिलं. दुकानातल्या सगळ्यांनी मला धीर दिला, आणि एकीने सांगितलं, आमच्या सासूबाई पण अशाच चुकतात हो.

फणसवाडी

गिरगावात आता भुयारी मेट्रो आलीये. ती आल्यापासून रस्ता रुंद वाटतो, की खणून खणून आम्हाला मधे दिसायचाच बंद झाला होता म्हणून वाटतो, कोण जाणे. फणसवाडीत मात्र आत शिरलं की आवाज खाली बसतो. मालतीबाई पहिल्या मजल्यावर राहतात. दार सताड उघडं. आमच्या सोसायटीत दार उघडं दिसलं तर वॉचमन वर येतो, इथे शेजारीण वाटी घेऊन आत येते, बसते, बोलते आणि कशाला आली होती ते विसरून जाते.

आत्या खिडकीपाशी बसून थालीपीठ खात होती. समोर लोण्याचा गोळा, कैरीची डाळ आणि पन्ह्याचा पेला. मला बघून म्हणाली, "आलीस. हात धू."

"आत्या, तुला काही झालं असतं म्हणजे?"

"मला कशाला काय होईल? रस्ता ओलांडताना सावंतच बावचळले, त्यांचा हात धरायला लागला. मालती, हिला दे गं, हिचं तोंड बघ किती उतरलंय."

मालतीबाईंनी तव्यावरचं थालीपीठ माझ्या ताटात टाकलं. त्यांच्याकडचं थालीपीठ पातळ आणि मधोमध भोक पाडलेलं, आमच्याकडे जाड असतं आणि सोबत सुकट लागते. दोघींचा ह्यावर इतक्या वर्षांत निकाल लागलेला नाही. आत्या तिथे बसून सुकटीची तारीफ करते, मालतीबाई नाक मुरडतात आणि मग विचारतात, पण भाजता कशी तुम्ही ती. मी खाल्लं, आणखी एक मागून घेतलं. भीती गेली की भूक लागते.

मग मी म्हटलं, "ठीक आहे. जिंकलीस तू. विषय बंद."

आत्याने पेला खाली ठेवला. "बंद कसा? आता तर बोलू. मीना, मी ऑपरेशनहून घरी आले तेव्हा तू चार दिवस राहिलीस. पाचव्या दिवशी तुझा पाय निघेना. मी तेव्हाच बघितलं. पोरगं लांब गेलं, सुभाष दिवसभर कामात. तुला एकटीला करमत नाही. तर तसं बोल की सरळ. माझ्या गुडघ्यावर कशाला ढकलतेस?"

मला रडू आलं. ह्या वयात, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, तोंडात घास असताना रडू यावं म्हणजे काय. पण आलं. मालतीबाई उठून उगाचच गॅलरीत गेल्या आणि वाळत घातलेले कपडे काढायला लागल्या. आत्याने मला जवळ घेतलं वगैरे नाही, ती तशी बाई नाही. तिने माझ्या ताटात लोणी वाढलं.

"मी नाही येणार चेंबूरला," ती म्हणाली. "तिथे मी दिवसभर तुझी वाट बघत बसेन. पण तू ये ना. तुझ्या दारात सुटते, माझ्या दारात थांबते. एवढ्या बायका रस्त्यात बसल्या म्हणून बस आत आली, आणि तुला नुसतं जाऊन बसायचंय."

मी मान डोलावली. नवे पडदे कुणासाठी लावले होते ते मलाच तिथे बसून कळलं.

परतीची बस

उन्हं उतरल्यावर आम्ही निघालो. मालतीबाई स्टॉपपर्यंत आल्या आणि आत्याच्या पिशवीत लोणच्याची बरणी कोंबली. ह्या खेपेला मी आत्याच्या आधी चढले नाही आणि मागेही राहिले नाही. आम्ही शेजारी बसलो. तिचा फोन मी तिला परत दिला, तिने तो बघितलाही नाही, पिशवीत टाकला आणि बदलून आणलेली मिरची काढून माझ्या मांडीवर ठेवली.

लालबागला बस पुन्हा अडकली. मला फार बरं वाटत होतं. दिवसभराची धावपळ, टॅक्सीचा खर्च, सुभाषची पुढचे सहा महिने चालणारी थट्टा, सगळं धरूनसुद्धा बरं वाटत होतं. आत्या गेल्यावर माझं कसं होईल हा विचार मी कधीपासून मनात दाबून ठेवला होता. तो तेव्हाही आला, पण ती शेजारी बसून बाहेरच्या दुकानांना नावं ठेवत होती, त्यामुळे फार टिकला नाही.

गल्लीचं वळण आलं. बस आत शिरली, चाळींना वळसा घालून बाहेर आली. आत्याने नुसतं खिडकीबाहेर बघितलं. मी विचारलं, आजी कुठे बसली होती गं? तिने काठीने कोपरा दाखवला. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे.

परळ आलं. मी उठायला लागले, तर म्हणाली, "तू कुठे? तुझं घर पुढे आहे." दार उघडलं. तिने आधी काठी टेकवली, मग एक पाय, मग दुसरा. मी हात लावला नाही, लावावासा वाटला तरी. फुटपाथवर उभी राहून तिने साडी नीट केली आणि मागे वळून कंडक्टरला हाक मारली. ही मुलगी सकाळची नव्हती, दुसरीच होती.

"बाळ, त्या मागच्या बाई चेंबूरला उतरणार आहेत. जरा लक्ष असू दे, त्या हरवतात."

सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. मी मांडीवरची मिरची घट्ट धरून बसले. दादर गेलं, शीव गेलं, आणि चेंबूर येईपर्यंत ती मुलगी प्रत्येक स्टॉपला मान वळवून मी आहे ना ते बघत राहिली.